हॅव की हॅज? आधी मालक शोधा

मराठीत ‘हॅव’ला तोलामोलाचं क्रियापद नाही. आपला सगळा कारभार ‘असणे’वर चालतो:

माझ्याकडे दोन म्हशी आहेत.
तिला एक भाऊ आहे.
त्याला ताप आहे.
या वाड्याला चार दरवाजे आहेत.
तुझ्याजवळ सुट्टे आहेत का?
पोरात धमक आहे.

कडे, ला, जवळ, त. प्रत्येकाची छटा वेगळी. ‘माझ्याजवळ पैसे आहेत’ म्हणजे आत्ता खिशात आहेत. ‘माझ्याकडे पैसे आहेत’ म्हणजे बँकेत असले तरी चालतील. नातं आणि आजार ‘ला’ने सांगायचे, गाडी-घोडा ‘कडे’ने. इंग्रजीला या बारकाव्यांशी काही घेणंदेणं नाही. म्हशी, भाऊ, ताप, दरवाजे, सुट्टे, धमक, सगळ्यांना एकच क्रियापद: ‘हॅव’. वर्तमानकाळात त्याची रूपंही दोनच, ‘हॅव’ आणि ‘हॅज’. तरीही चांगली पदवी झालेली माणसं ‘शी हॅव टू ब्रदर्स’ आणि ‘आय हॅज वन सिस्टर’ म्हणतात. नियम त्यांना पाठ असतो. तोंडात येताना मात्र गडबड होते, आणि त्या गडबडीला कारण आहे.

मराठी वाक्यात ‘आहे’ की ‘आहेत’ हे वस्तू ठरवते. ‘तिला एक भाऊ आहे’, ‘तिला दोन भाऊ आहेत’. ती तीच आहे, बदलले ते भाऊ. इंग्रजीत बरोबर उलटं: क्रियापद मालकाकडे बघतं, वस्तूकडे ढुंकूनही बघत नाही. ‘शी हॅज वन ब्रदर’, ‘शी हॅज टू ब्रदर्स’, ‘शी हॅज फिफ्टी कझिन्स’. भाऊ कितीही होवोत, ‘शी’ एकटी आहे तोवर ‘हॅज’. मराठी कानाला मात्र ‘दोन भाऊ’ ऐकू आले की अनेकवचनाची घंटा वाजते आणि तोंडातून ‘हॅव’ निसटतं. ‘मला एक बहीण आहे’मध्ये ‘एक’ ऐकून ‘हॅज’ निसटतं, तेही याच सवयीने. म्हणून खाली जे सांगतोय त्याचा गाभा एवढाच: क्रियापद निवडताना मालक बघा.

मालक कसा शोधायचा

‘तिला दोन भाऊ आहेत’ हे वाक्य घेऊ आणि सावकाश इंग्रजीत नेऊ.

पहिलं काम, ‘कोणाला? कोणाकडे? कशाला? कोणात?’ यांपैकी जो प्रश्न लागू पडेल तो विचारा. कोणाला? तिला. दुसरं काम, त्या शब्दाला चिकटलेला ‘ला’ किंवा ‘कडे’ काढून टाका. उरली ‘ती’. हाच इंग्रजी वाक्याचा कर्ता: ‘शी’. तिसरं काम, हा कर्ता एकटा आहे का ते बघा. आहे. मग ‘हॅज’. क्रियापद इथेच ठरलं. भाऊ अजून वाक्यात आलेलेसुद्धा नाहीत. आता त्यांना आणा: ‘शी हॅज टू ब्रदर्स.’

बोलताना क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण आधी ‘दोन भाऊ’चं इंग्रजी जुळवतात आणि क्रियापद मागाहून घुसवतात. तसं केलं की भावांचं अनेकवचन क्रियापदाला चिकटतं. म्हणून सरावाच्या काळात ‘शी हॅज’ एवढंच म्हणून क्षणभर थांबा. मग पुढची वस्तू.

‘या वाड्याला चार दरवाजे आहेत’ तसंच. कशाला? वाड्याला. ‘ला’ काढा, वाडा उरला. एकटा आहे. ‘धिस वाडा हॅज फोर डोअर्स.’ निर्जीव वस्तूही मालक होऊ शकते हे पुष्कळांना पटत नाही, म्हणून ते ‘टू धिस वाडा देअर आर फोर डोअर्स’ असलं काहीतरी करतात. इंग्रजीत खोलीला खिडक्या, पुस्तकाला पानं, गावाला शाळा, सगळं ‘हॅज’ने बिनदिक्कत सांगता येतं. फक्त ‘इन अवर व्हिलेज हॅज अ स्कूल’ म्हणू नका. एक तर ‘अवर व्हिलेज हॅज अ स्कूल’, नाहीतर ‘देअर इज अ स्कूल इन अवर व्हिलेज’. ‘इन’ राहिलं तर मालकच गायब होतो.

कोणाला काय लागतं

‘आय, यू, वी, दे’ यांना ‘हॅव’. ‘ही, शी, इट’ आणि कोणतंही एकटं माणूस, जनावर, वस्तू यांना ‘हॅज’. नियम एवढाच. ‘आय’ एकटा असूनही त्याला ‘हॅव’ लागतं हे पाठच करावं लागतं.

‘यू’चं मात्र कारण सांगता येतं, आणि मराठी माणसाला ते चटकन पटेल. इंग्रजीत पूर्वी ‘तू’साठी ‘दाऊ’ होतं आणि ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’. मान द्यायचा असला की एका माणसालाही ‘यू’ म्हणत, जसं आपण सासऱ्यांना ‘तुम्ही’ म्हणतो. पुढे मान देणं इतकं वाढलं की प्रमाण इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ हद्दपार झालं आणि सगळेच ‘यू’ झाले. समोर एकच माणूस असला तरी ‘यू हॅव’ म्हणायचं ते यामुळे. ते मुळात आदरार्थी बहुवचन आहे. ‘दाऊ’बरोबर ‘हॅस्ट’ यायचं आणि ‘ही’बरोबर ‘हॅथ’. 1611च्या इंग्रजी बायबलात जागोजागी ‘ही हॅथ’ छापलेलं आहे. आज ही रूपं वापरायची नाहीत, पण जुन्या कवितेत दिसली तर दचकू नका.

उच्चाराचंही इथेच सांगून टाकतो. ‘हॅज’मधला ज ‘जेवण’मधला नाही, ‘जमीन’मधल्याच्या जवळचा आहे. पुष्कळ जण ‘हॅस’ म्हणतात, तेही टाळा.

बाबा आले आहेत

एक आदरार्थी बहुवचन इंग्रजीने पचवलं, पण आपलं तिला पचत नाही. ‘बाबा आले आहेत’, ‘सर आले आहेत’, ‘डॉक्टर गेले आहेत’. माणूस एक, क्रियापद अनेकवचनी. यातून ‘सर हॅव कम’, ‘माय फादर हॅव अ शॉप’ अशी वाक्यं तयार होतात. मी शिकवताना हे हमखास बघतो: आईबद्दल बोलताना मुलं बरोबर ‘हॅज’ म्हणतात, कारण आईला आपण ‘आई आली आहे’ म्हणतो. बाबांवर आले की ‘हॅव’. चूक व्याकरणाची नसते, संस्काराची असते.

इंग्रजीत तिसऱ्या माणसाचा मान क्रियापदात दाखवायची सोय नाही. तो ‘मिस्टर’, ‘डॉक्टर’, ‘सर’ अशा शब्दांत आणि आवाजात दाखवायचा. ‘माय फादर हॅज अ शॉप’, ‘द डॉक्टर हॅज लेफ्ट’, ‘द प्राइम मिनिस्टर हॅज अराइव्ह्ड’. पंतप्रधानांनाही ‘हॅज’च, कोणाचा अपमान होत नाही. काका, मामा, आजोबा, गुरुजी, साहेब यांच्याबद्दलची वाक्यं मुद्दाम वेगळी काढून सराव करा.

वेषांतर केलेले कर्ते

काही कर्ते दिसतात एक आणि निघतात दुसरेच.

‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ यात ‘फ्रेंड्स’ दिसतात, पण बोलणं एकाबद्दलच आहे. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स हॅज अ ट्रॅक्टर.’ ‘ईच ऑफ द गर्ल्स हॅज’ तसंच. ‘एव्हरीबडी’ म्हणजे सगळे, तरी इंग्रजी तो शब्द एकवचनी धरते: ‘एव्हरीबडी हॅज अ मोबाइल.’ ‘सगळ्यांकडे’ डोक्यात ठेवून हे वाक्य बांधलं की ‘एव्हरीबडी हॅव’ होतं. तुलनेत ‘ऑल’ सरळ आहे: ‘ऑल माय फ्रेंड्स हॅव.’

‘माय ब्रदर अँड आय’ दोघे झाले, म्हणून ‘हॅव’. ‘अ बॉक्स ऑफ मँगोज’मध्ये आंबे कितीही असोत, पेटी एक: ‘धिस बॉक्स ऑफ मँगोज हॅज अ बॅड स्मेल.’

मग ते शब्द, ज्यांचं वचन दोन भाषांत जुळत नाही. आपले केस अनेकवचनी, इंग्रजीतले डोक्यावरचे ‘हेअर’ एकवचनी: ‘हर हेअर हॅज टर्न्ड ग्रे.’ आपली पँट एक, त्यांची ‘ट्राउझर्स’ अनेक: ‘दीज ट्राउझर्स हॅव टू पॉकेट्स.’ कात्री आणि चष्मा यांचंही पँटसारखंच: ‘सिझर्स हॅव’, ‘ग्लासेस हॅव’. बातमी म्हणजे ‘न्यूज’, शेवटी ‘एस’ अक्षर असूनही एकवचनी: ‘द न्यूज हॅज स्प्रेड.’ ‘पोलीस’ आणि ‘पीपल’ यांच्या शेवटी अनेकवचनाची काहीच खूण नाही, तरी दोन्ही अनेकवचनी: ‘द पोलीस हॅव कॉट हिम’, ‘पीपल हॅव नो टाइम.’

क्रिकेटचं पान वाचणाऱ्यांना एक शंका हमखास येते. तिथे ‘इंडिया हॅव वन द टॉस’ छापलेलं असतं. देश एकच ना? ब्रिटिश वळणात संघ म्हणजे अकरा जण असं धरून अनेकवचन करतात. अमेरिकी वळणात ‘हॅज’ करतात. संघाबद्दल तुम्ही कुठलंही लिहा, पण एका परिच्छेदात दोन्ही नकोत. देशाबद्दल, म्हणजे लोकसंख्या, नद्या, राज्यं यांबद्दल लिहिताना मात्र ‘इंडिया हॅज’च.

प्रश्न आणि नकार

इथे ‘हॅज’ गायब होतं. मराठीत प्रश्न करायचा तर वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की झालं, म्हणून शिकणारा ‘शी हॅज अ कार?’ असा सूर चढवून मोकळा होतो. बोलण्यात ते भागून जातं, लिहिण्यात नाही.

प्रश्नासाठी ‘डू’ किंवा ‘डझ’ पुढे आणायचं. ‘शी हॅज’मध्ये शेवटी जो ज ऐकू येतो तो एकवचनाची खूण आहे. वाक्यात ही खूण एकदाच लागते. ‘डझ’ आलं की खूण त्याच्याकडे गेली आणि मागे साधं ‘हॅव’ उरलं. ‘डझ शी हॅव अ कार?’ ‘डझ शी हॅज’ म्हटलं तर खूण दोनदा लागली. नकारातही तेच: ‘शी डझन्ट हॅव अ कार’, ‘आय डोन्ट हॅव चेंज.’

जुन्या पाठ्यपुस्तकांवर वाढलेली मंडळी ‘हॅव यू अ पेन?’ किंवा ‘शी हॅज नॉट अ कार’ लिहितात. ते आता फार जुनाट वाटतं. ब्रिटिश बोलण्यात ‘हॅव यू गॉट अ पेन?’, ‘शी हॅजन्ट गॉट अ कार’ सर्रास ऐकू येतं आणि ते पूर्ण बरोबर आहे. यात ‘गॉट’ला वेगळा अर्थ नाही, ‘आय हॅव गॉट अ पेन’ म्हणजे माझ्याकडे पेन आहे, मला पेन मिळालं असं नव्हे. माझं मत असं की शिकणाऱ्याने बोलताना ‘डू’ आणि ‘डझ’वाली एकच पद्धत घट्ट धरावी आणि ‘गॉट’वाली ऐकून समजली म्हणजे पुरे. दोन्ही एकदम शिकायला गेलं की ‘डू यू हॅव गॉट’ असा तिसराच प्रकार जन्माला येतो.

आणखी एक सोपी वाट आहे: ‘नो’. ‘शी हॅज नो कार’, ‘वी हॅव नो टाइम.’ इथे ‘डझन्ट’ लागत नाही, म्हणून ‘हॅज’ जागेवरच राहतं. फक्त ‘शी डझन्ट हॅव नो कार’ अशी सरमिसळ करू नका.

दवाखान्यात

मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या आजी औषधाच्या दुकानात उभ्या आहेत. फार्मासिस्ट विचारतो, ‘डू यू हॅव एनी अलर्जीज?’ आजी म्हणतात, ‘नो. आय हॅव शुगर. अँड बीपी.’

‘मला शुगर आहे, बीपी आहे’ हे आपल्याकडे कोणालाही कळतं. तिकडे ‘आय हॅव शुगर’ ऐकून माणूस समजेल की बाईंच्या पिशवीत साखर आहे. आजींनी म्हणायला हवं, ‘आय हॅव डायबेटीस अँड हाय ब्लड प्रेशर.’ नुसतं ‘ब्लड प्रेशर’ प्रत्येकालाच असतं. अलर्जीचं उत्तर देताना ‘नो, आय डोन्ट हॅव एनी’ म्हटलं की विषय संपला.

आजारांच्या बाबतीत ‘अ’ कुठे लावायचा हाही गोंधळ आहे. किरकोळ दुखण्यांना लावतात: ‘अ कोल्ड’, ‘अ कफ’, ‘अ फीव्हर’, ‘अ हेडेक’. नाव असलेल्या रोगांना लावत नाहीत: ‘डायबेटीस’, ‘मलेरिया’, ‘टायफॉइड’. ‘माझा गुडघा दुखतोय’साठी ‘आय हॅव पेन इन माय नी’. इथे ‘अ’ टाकलात तरी बिघडत नाही, पण ‘पे’ लांबवा, नाहीतर गुडघ्यात लेखणी घुसल्यासारखं ऐकू येईल.

‘मला’ने सुरू होणारी सगळीच वाक्यं ‘हॅव’ घेत नाहीत हेही लक्षात ठेवा. भूक, तहान, थंडी, भीती, झोप यांचं काम इंग्रजीत ‘ॲम’ने होतं: ‘आय ॲम हंग्री’, ‘आय ॲम कोल्ड’, ‘आय ॲम स्लीपी’. यातलं ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजतेय आणि ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झालीय. वयही ‘ॲम’ने सांगायचं: ‘आय ॲम सिक्स्टी.’

आय ॲम हॅविंग

‘आय ॲम हॅविंग फाइव्ह इयर्स एक्स्पीरियन्स.’ हे वाक्य भारतात इतकं चालतं की आता त्यावर हसणंही शिळं झालंय. ‘आहे’ म्हणजे ‘ॲम’, असा हिशेब त्यामागे असतो. समजायला कोणाला अडचण येत नाही. तरीही नोकरीच्या अर्जात आणि मुलाखतीत हे टाळाच, कारण भारताबाहेरच्या माणसाच्या कानाला ते खटकतं.

कसोटी सोपी आहे, मराठीतलीच. तुमच्या मराठी वाक्यात नुसतं ‘आहे’ असेल, म्हणजे मालकी, नातं, आजार, अनुभव, शंका, कल्पना, तर ‘हॅविंग’ नाही. ‘माझ्याकडे अनुभव आहे’: ‘आय हॅव एक्स्पीरियन्स.’ ‘मला एक शंका आहे’: ‘आय हॅव अ क्वेश्चन.’ हे दुसरं वाक्य आपल्याकडे ‘आय हॅव अ डाउट’ होतं. इंग्रजीत ‘डाउट’ म्हणजे संशय, अविश्वास. वर्गात ‘क्वेश्चन’च म्हणावं.

मराठी वाक्यात जेवणे, घेणे, करणे अशी खरोखरची कृती असेल किंवा काहीतरी चालू असेल, तर ‘हॅविंग’ चालतं. ‘आम्ही जेवतोय’: ‘वी आर हॅविंग लंच.’ ‘ती आंघोळ करतेय’: ‘शी इज हॅविंग अ बाथ.’ ‘बैठक चालू आहे’: ‘दे आर हॅविंग अ मीटिंग.’ चहाचं तर आपल्या ‘घेणे’शी बरोबर जमतं. पाहुण्याला आपण ‘चहा घ्या’ म्हणतो, ‘प्या’ म्हणत नाही. इंग्रजीतही ‘प्लीज हॅव सम टी’. ‘टेक टी’ म्हणायची गरज नाही.

करावं लागतं

‘मला रोज पाचला उठावं लागतं.’ ‘आय हॅव टू गेट अप ॲट फाइव्ह एव्हरी डे.’ मराठीतलं ‘लागतं’ मला, तिला, त्यांना सगळ्यांना सारखंच, म्हणून ‘शी हॅव टू’ निसटतं. इथेही मालकच बघायचा: ‘शी हॅज टू गेट अप.’ पुढचं क्रियापद मात्र मूळ रूपात. ‘शी हॅज टू गेट्स’ नाही. प्रश्न आणि नकार नेहमीसारखेच ‘डू’ आणि ‘डझ’ने: ‘डझ शी हॅव टू गो?’

ऐकताना हे वेगळं लागतं. ‘हॅव टू’चं बोलण्यात ‘हॅफ्टू’ होतं आणि ‘हॅज टू’चं ‘हॅस्टू’. इंग्रजी बातम्या ऐकताना ‘हॅफ्टू’ कानावर पडलं की हा कुठला नवा शब्द म्हणून शोधत बसू नका.

‘मला उद्या मुंबईला जायचं आहे’ हे वाक्य भाषांतराला अवघड आहे. जायची इच्छा आहे की जाणं भाग आहे? मराठी माणूस संदर्भावरून समजतो. इंग्रजीत तुम्हालाच ठरवावं लागतं: हौसेने असेल तर ‘आय वाँट टू गो’, कोर्टात तारीख असेल तर ‘आय हॅव टू गो’.

नकारात खरी जोखीम आहे. ‘यू डोन्ट हॅव टू कम टुमारो’ म्हणजे उद्या यायची सक्ती नाही, आलात तरी चालेल. ‘यू मस्ट नॉट कम टुमारो’ म्हणजे उद्या येऊ नका, मनाई आहे. ‘उद्या यायचं नाही’ असा निरोप इंग्रजीत लिहिताना साहेबाने चुकीचं निवडलं, तर एक तर सुट्टीच्या दिवशी अर्धं ऑफिस हजर होतं किंवा माणसाला वाटतं आपली नोकरी गेली.

आला आहे, केलं आहे

‘हॅव’चं दुसरं आयुष्य पूर्ण वर्तमानकाळात आहे, आणि तिथे मराठी आपल्याला पुष्कळ मदत करते. ‘तो आला आहे’: ‘ही हॅज कम.’ ‘मी पत्र लिहिलं आहे’: ‘आय हॅव रिटन द लेटर.’ ‘आहे’च्या जागी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आणि त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप. बोलताना आपण ‘आला आहे’चं ‘आलाय’ करतो, तसं तेही ‘ही हॅज कम’चं ‘हीज कम’ करतात. मात्र ‘ही इज’चंही ‘हीज’च होतं, म्हणून पुढचा शब्द ऐका. पुढे ‘इंग’वालं क्रियापद आलं तर ते ‘इज’. ‘गॉट’ किंवा ‘बीन’ आलं तर ‘हॅज’.

आता अडचणी. पहिली ‘ने’ची. ‘आईने लाडू केले आहेत’, ‘आईने चकली केली आहे’, ‘मुलांनी चहा केला आहे’. तिन्ही वाक्यांत क्रियापद कर्माच्या तालावर नाचतं. लाडू म्हणून ‘केले आहेत’, चहा म्हणून ‘केला आहे’. इंग्रजीत लाडू आणि चहा यांचा काही संबंध नाही. ‘ने’ काढा, करणारा पकडा. आई एक: ‘मदर हॅज मेड लाडूज.’ मुलं अनेक: ‘द चिल्ड्रन हॅव मेड टी.’ मालक बघायची सवय लागली असेल तर इथे वेगळा नियम शिकावा लागत नाही.

दुसरी वेळेची. मराठीत ‘मी 2019 मध्ये पदवी घेतली आहे’ बिनचूक आहे. इंग्रजीत घडून गेलेली ठरावीक वेळ सांगितली की ‘हॅव’ला रजा: ‘आय कंप्लीटेड माय डिग्री इन 2019.’ काल, परवा, गेल्या वर्षी, दिवाळीत, तारीख, साल यांपैकी काही आलं की साधा भूतकाळ. वेळ सांगायचीच नसेल तर ‘आय हॅव कंप्लीटेड माय डिग्री’ उत्तम. अर्जांमध्ये सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच, कारण तिथे प्रत्येक ओळीत साल असतं.

तिसरी अडचण ‘पासून’ची. ‘मी दहा वर्षांपासून नाशिकला राहतो.’ मराठीत साधा वर्तमानकाळ आहे म्हणून ‘आय लिव्ह इन नाशिक सिन्स टेन इयर्स’ होतं. यात दोन चुका आहेत. मागे सुरू होऊन आजही चालू असलेली गोष्ट ‘हॅव’ने सांगतात: ‘आय हॅव लिव्ह्ड इन नाशिक फॉर टेन इयर्स.’ आणि ‘किती काळ’ असेल तर ‘फॉर’, ‘कधीपासून’ असेल तर ‘सिन्स’: ‘सिन्स 2015’, ‘सिन्स मंडे’. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ चालतं, म्हणून हा भेद मुद्दाम कानात बसवावा लागतो.

चौथी गोष्ट अडचणीची नाही, उलट आपल्या फायद्याची. ‘तो दिल्लीला गेला आहे’ आणि ‘तो दिल्लीला जाऊन आला आहे’ यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पहिलं ‘ही हॅज गॉन टू दिल्ली’, अजून तिकडेच आहे. दुसरं ‘ही हॅज बीन टू दिल्ली’, परत आलाय. घरी कोणी ‘साहेब आहेत का?’ विचारायला आलं आणि तुम्ही ‘ही हॅज बीन टू दिल्ली’ म्हणालात, तर तो माणूस ओसरीवर वाट बघत बसेल.

सराव

कोष्टक भिंतीवर लावून काही होत नाही. दिवसभरात घरात कानावर पडणारी ‘आहे’ आणि ‘आहेत’ची वाक्यं रात्री वहीत उतरवा. प्रत्येकात मालकाखाली रेघ मारा आणि वस्तूवर हात ठेवून ती झाका. झाकलेल्या वाक्यावरून ‘हॅव’ की ‘हॅज’ ठरवा, मग हात काढून पुढचं लिहा. वही शेजारच्या पोराला दाखवून मोठ्याने वाचा. मनात वाचलेलं तोंडात उतरत नाही.

सुरुवातीला ही वाक्यं घ्या. उत्तरं खाली आहेत, पण आधी स्वतः करा.

1. आजोबांकडे दोन काठ्या आहेत.
2. तुम्हाला किती मुलं आहेत?
3. आमच्या दुकानाला शटर नाही.
4. काकूंनी पापड लाटले आहेत.
5. तिला शनिवारीही कामावर जावं लागतं.
6. पोरं जेवतायत.
7. तो 2021 मध्ये पुण्याला आला आहे.
8. आमच्यापैकी एकाकडेही किल्ली नाही.

उत्तरं: पहिल्यात आदर आणि दोन काठ्या, दोन्ही फसवतात, तरी आजोबा एकच: ‘ग्रँडफादर हॅज टू वॉकिंग स्टिक्स.’ दुसरं ‘हाऊ मेनी चिल्ड्रन डू यू हॅव?’ तिसरं ‘अवर शॉप डझन्ट हॅव अ शटर’ किंवा ‘हॅज नो शटर’. चौथ्यात काकू एकट्या, पापड शंभर असले तरी: ‘काकू हॅज रोल्ड आउट द पापड्स.’ पाचवं ‘शी हॅज टू गो टू वर्क ऑन सॅटरडेज टू.’ सहाव्यात कृती चालू आहे: ‘द चिल्ड्रन आर हॅविंग लंच.’ सातव्यात साल आलं, म्हणून ‘हॅज’ नाहीच: ‘ही केम टू पुणे इन 2021.’ आठवं ‘नन ऑफ अस हॅज द की.’ इथे ‘हॅव’ही ऐकू येईल आणि ते चूक धरत नाहीत. जुन्या वळणाचे शिक्षक मात्र ‘हॅज’च मागतात, तेव्हा पेपर तपासणारा कोण आहे ते माहीत नसेल तर ‘हॅज’ लिहून मोकळे व्हा.